लॅटिनो विद्यार्थ्यांचा गट (कॅलिफोर्निया): सणसमारंभाच्या पुढे, डिस्ट्रिक्टच्या निर्णयांपर्यंत कसं पोचावं?

निळीशाई

सॅन वाकीन खोऱ्यातल्या एका हायस्कूलमधल्या लॅटिनो विद्यार्थ्यांच्या गटासाठी विचारते आहे. नववी ते बारावीचे १४ जण आहेत. बहुतेकांची घरं मेक्सिकोतून आलेली, दोघांच्या घरी मिश्तेको ही मेक्सिकोतली मूळनिवासी भाषा बोलतात. सप्टेंबरच्या मध्यापासून हिस्पॅनिक वारसा महिना, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवसाची वेदी, शेवटी निरोप समारंभ, असं त्यांचं वर्ष ठरलेलं आहे आणि हे सगळं मुलं मनापासून करतात.

यंदा विषय त्यांनीच काढला. वरच्या वर्गातले बरेच जण डिप्लोमा घेऊन बाहेर पडतात, पण राज्याच्या विद्यापीठांत अर्ज करायला गेलं की पात्रच नसतात. हे बदलायचं तर कोणाकडे जायचं आणि काय मागायचं? प्राचार्य म्हणतात, डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बोर्डाच्या सभेत येऊन बोला. काउन्सेलर म्हणतात, एल-कॅपमध्ये, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या खर्चाच्या आराखड्यात, मांडा. काही मुलांना सर्वेक्षण करायचं आहे, एकीला थेट वॉकआउट हवा आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्ग सोडून बाहेर पडायचं.

सुरुवात कुठून करावी? एल-कॅप वाचायचा तर त्यात नेमकं काय बघायचं? आणि ज्यांच्या घरात कुणाकडे कागदपत्रं नाहीत त्या मुलांना झळ न लागता हे कसं करता येईल?

---

खडूफळा

मुलांचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो, म्हणून तिथूनच सुरू करा. डिप्लोमा मिळणं वेगळं आणि विद्यापीठाला पात्र होणं वेगळं, हे नववीत कुणी नीट समजावून सांगत नाही. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या राज्याच्या दोन्ही विद्यापीठ-समूहांना 'ए-जी' नावाचे १५ वार्षिक विषय लागतात: इतिहास-समाजशास्त्र २, इंग्रजी ४, गणित ३, प्रयोगशाळेसह विज्ञान २, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, कला १ आणि एक ऐच्छिक. प्रत्येकात किमान 'सी' हवा. बरीच डिस्ट्रिक्ट 'डी'ला पास धरतात. मग विषय डिप्लोमासाठी झाला, पण ए-जीसाठी झालाच नाही, आणि हे मुलाला बारावीच्या शरदात अर्ज भरताना कळतं. यूसीची आणखी एक अट आहे: १५ पैकी ११ विषय अकरावी संपेपर्यंत पूर्ण झालेले असावे लागतात. म्हणजे बारावीत सगळं भरून काढू म्हणायची सोय नाही.

आता रोजच्या तासांचा हिशोब फळ्यावर मांडून बघा. दिवसाला ६ तास, ४ वर्षं, म्हणजे एकूण २४ रकाने. त्यातले १५ ए-जीचे. राज्याच्या नियमानं शारीरिक शिक्षणाची २ वर्षं, झाले १७. उरले ७. मुलगा 'इंग्लिश लर्नर', म्हणजे इंग्रजी अजून शिकणारा, या वर्गवारीत असेल तर इंग्रजी भाषाविकासाचा तास दरवर्षी वेगळा, म्हणजे ४ गेले. त्यावर वाचनाचा किंवा गणिताचा 'सपोर्ट' तास दोन वर्षं लावला की आणखी २. उरला १. आता एक विषय नापास होऊन पुन्हा घेतला की वही भरली. बँड, चित्रकला, संगणक, दुसरं विज्ञान यांना जागाच नाही. मूल कमी पडलं असं घरी सांगितलं जातं, पण खरं म्हणजे वेळापत्रकातच वाट ठेवलेली नसते.

म्हणून पहिलं काम ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणपत्रकाची, तपासणी. प्रत्येकानं स्वतःचा ट्रान्सक्रिप्ट पोर्टलवरून किंवा काउन्सेलरकडून घ्यावा. एका कागदावर ए ते जी अशा सात ओळी आखा. प्रत्येक ओळीत जितकी वर्षं लागतात तितक्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीचे दोन भाग, कारण गुण सत्रागणिक मोजले जातात. 'सी' किंवा वर असेल तर भरा, 'डी' असेल तर तिरकी रेघ, घेतलाच नसेल तर कोरं. मग नावं काढून टाका आणि सगळ्या कागदांवरून एवढंच मोजा: पहिली फट कुठल्या वर्षी, कुठल्या विषयात पडली? पहिली फट बहुधा नववीच्या गणितात किंवा विज्ञानात सापडते, आणि मग मागणी बारावीच्या मार्गदर्शनाची न राहता नववीच्या दुसऱ्या सत्राची होते.

काही फटी दिसतात तशा नसतात. गणितात आणि भाषेत वरच्या पातळीचा 'सी' खालच्या पातळीचा 'डी' भरून काढतो. अल्जिब्रा २ मध्ये 'सी' असेल तर अल्जिब्रा १ मधला 'डी' पात्रतेपुरता निकालात निघतो. भाषेत तर याचा मोठा उपयोग आहे: घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला स्पॅनिश १ मध्ये बसवणं म्हणजे एक रकाना वाया घालवणं. चाचणी घेऊन थेट स्पॅनिश ३ किंवा स्पॅनिशभाषकांसाठीच्या वर्गात घातलं, तर तिथला 'सी' खालची वर्षंही धरून देतो. ही मागणी छोटी आहे, जवळपास बिनखर्चाची आहे आणि लगेच मान्य होण्यासारखी आहे. गटाच्या हाती पहिलं यश यातून लागू शकतं.

शाळेकडून 'मास्टर शेड्यूल'ही मागा: कुठल्या विषयाचे किती वर्ग लावलेत, त्यातले ए-जीला मान्य किती. रसायनशास्त्राचे चारच वर्ग असतील तर बाकीच्यांना ते मिळणार कुठून? इच्छा असूनही जागा नसते, ही गोष्ट फक्त या कागदावर दिसते.

ए-जी हीच डिप्लोमाची अट करा, अशी मागणी पुढे निघेल. लॉस एंजेलिसमध्ये विद्यार्थी आणि वस्तीतल्या संघटनांनी ती लावून धरली आणि २००५ साली बोर्डानं ठराव केला. ठरल्याप्रमाणे पुढे 'सी'ची अट यायची होती. नापासांची संख्या बघून २०१५ मध्ये बोर्डानं 'डी' कायम ठेवला. म्हणजे विषय सगळ्यांना मिळाले, पण 'डी'वाल्यांसाठी विद्यापीठाचं दार बंदच राहिलं. अट मागताना आधाराचे तास, उन्हाळी वर्ग आणि काउन्सेलर एकाच दमात मागितले नाहीत तर असं होतं.

---

आकडेमोड

एल-कॅपचं सांगतो. २०१३ पासून कॅलिफोर्नियात शाळांना पैसा एका सूत्रानं मिळतो. प्रत्येक विद्यार्थ्यामागे मूळ अनुदान. त्यावर कमी उत्पन्नाच्या घरातली, इंग्लिश लर्नर आणि फॉस्टर केअरमधली (सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या घरी वाढणारी) मुलं यांच्यासाठी जादा पैसे. एक मूल दोन गटांत बसत असेल तरी एकदाच मोजतात. पूरक अनुदान मूळच्या २० टक्के. आणि अशी मुलं ५५ टक्क्यांहून जास्त असतील तर त्या वरच्या भागावर आणखी ६५ टक्के, हे सघनता अनुदान.

हिशोब सोपा करून दाखवतो. समजा १,००० विद्यार्थी, मूळ अनुदान माणशी १०,००० डॉलर, आणि ८० टक्के मुलं या गटांतली. मूळ १ कोटी डॉलर. पूरक: १ कोटीचे २० टक्के, त्याचे ८० टक्के, म्हणजे १६ लाख. सघनता: ८० वजा ५५ म्हणजे २५ टक्के, त्यावर ६५ टक्के, म्हणजे १६ लाख २५ हजार. एकूण ३२ लाख २५ हजार डॉलर जादा आले ते या मुलांच्या संख्येमुळे. फळ्यावर हा आकडा काढला की मुलांचा बोलण्याचा सूरच बदलतो, कारण आपण काही उपकार मागत नाही हे त्यांना स्वतःच्या हातानं केलेल्या गणितातून दिसतं. (खरं सूत्र पटसंख्येवर नाही, सरासरी हजेरीवर चालतं. वॉकआउटचा विचार करताना हे लक्षात ठेवा.)

एल-कॅप म्हणजे हा पैसा कसा खर्च करणार याचा तीन वर्षांचा आराखडा, दरवर्षी सुधारलेला. दस्तऐवज दोन-दोनशे पानांचा असतो. पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर मुलं दुसऱ्या बैठकीला येणार नाहीत. मागच्या तक्त्यांपासून सुरू करा. तिथे प्रत्येक 'कृती'ला क्रमांक असतो, जसं २.४, आणि एका रकान्यात ती जादा अनुदानात धरली आहे की नाही त्याचं हो-नाही असतं. सगळे 'हो' पिवळ्या शाईनं रंगवा. मग प्रत्येक पिवळ्या ओळीला तीन प्रश्न: हे कुणासाठी आहे? याशिवाय ते काम तसंही झालं असतं का? गेल्या वर्षी किती ठरवले होते आणि खर्च किती झाले? तिसऱ्याचं उत्तर वार्षिक आढाव्याच्या तक्त्यात शेजारी-शेजारी सापडतं.

गडबड बहुधा तीन ठिकाणी असते. एक, सगळ्यांसाठीचा खर्च, म्हणजे सुरक्षारक्षक, सर्वसाधारण पगार, लॅपटॉप, 'मुख्यतः गरजू मुलांसाठी' या एका वाक्याच्या जोरावर पिवळ्यात घातलेला असतो. दोन, पदं मंजूर पण भरलेली नाहीत, त्यामुळे पैसा तसाच राहतो. २०२१ पासून असा न खर्चलेला हिस्सा पुढच्या वर्षी त्याच कामासाठी न्यावा लागतो, तो आकडा 'कॅरीओव्हर' तक्त्यात बघा. तीन, यश मोजायचं माप चुकीचं निवडलेलं. काउन्सेलर वाढवल्याचं यश 'किती बैठका झाल्या' यावर मोजतात. ते 'नववीअखेर किती मुलं ए-जीच्या वाटेवर' यावर मोजावं, अशी सूचना द्या. माप बदलायला पैसा लागत नाही आणि पुढच्या वर्षी तोच आकडा तुमच्या हातात येतो.

वेळापत्रक सगळ्यात महत्त्वाचं. फेब्रुवारीच्या २८ तारखेपर्यंत डिस्ट्रिक्टला बोर्डापुढे मध्यवर्षीचा अहवाल ठेवावा लागतो. मसुदा वसंतात तयार होतो. जाहीर सुनावणी आणि मंजुरी वेगवेगळ्या सभांत, बहुतेक ठिकाणी दोन्ही जूनमध्ये, कारण १ जुलैच्या आत मंजुरी हवी. जूनच्या सुनावणीला तीस मुलं घेऊन गेलात तरी तोवर अंदाजपत्रक बांधून झालेलं असतं. बोलायचं ते जानेवारी ते मार्च या काळात. पालक सल्लागार समितीनं मसुद्यावर लिहून दिलेल्या टिपणीला सुपरिंटेंडेंटनं (डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्यानं) लेखी उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे. २०२४ च्या जुलैपासून विद्यार्थ्यांनाही जागा आहे: एकतर त्या समितीत दोन विद्यार्थी पूर्ण सदस्य, नाहीतर वेगळी विद्यार्थी सल्लागार समिती. तुमच्या डिस्ट्रिक्टनं यातलं काय केलं, कुणाला नेमलं आणि कसं निवडलं, हा तुमचा पहिला ईमेल असू द्या.

जे कागद संकेतस्थळावर नाहीत ते सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागा. १० दिवसांत देणार की नाही ते कळवावं लागतं, कारण दाखवून आणखी १४ दिवस घेता येतात. 'सगळी माहिती द्या' असं लिहिलं तर महिने जातात. 'गेल्या शैक्षणिक वर्षाचं मास्टर शेड्यूल, अमुक शाळा, स्प्रेडशीटच्या स्वरूपात' असं लिहा.

---

दुभाषी

वरच्या दोन्ही प्रतिसादांत इंग्लिश लर्नरचा उल्लेख आला. त्याची कळ कुठे आहे ते सांगते, कारण तुमच्या गटातल्या काहींच्या वेळापत्रकाचं मूळ तिथेच असेल.

शाळेत नाव घालताना पालक घरभाषेचा एक छोटा अर्ज भरतात. इंग्रजीखेरीज भाषा लिहिली की ३० दिवसांत 'एल्पॅक' ही राज्याची इंग्रजीची चाचणी होते आणि वर्गवारी ठरते. तिच्यातून बाहेर पडायला, म्हणजे रीक्लासिफाय व्हायला, चार गोष्टी लागतात: एल्पॅकमध्ये एकूण पातळी ४, शिक्षकांचं मूल्यमापन, पालकांशी सल्लामसलत, आणि मूलभूत कौशल्यांत त्याच वयाच्या इंग्रजीभाषक मुलांशी तुलना. पहिली राज्यभर सारखी आहे. बाकीच्यांची पद्धत डिस्ट्रिक्ट ठरवतं, आणि घोळ तिथेच होतो. पातळी ४ आली पण शिक्षकांचा अर्ज कुणी भरलाच नाही. वाचनचाचणीच्या दिवशी मूल गैरहजर होतं. चाचणी फेब्रुवारी ते मेमध्ये होते, निकाल नंतर येतो, तोवर पुढच्या वर्षाचे तास लागून गेलेले असतात. सहा-सहा वर्षं या वर्गवारीत राहिलेल्या मुलांना कायद्यात वेगळं नाव आहे, दीर्घकालीन इंग्लिश लर्नर. कॅलिफोर्नियानं २०१२ मध्ये त्याची व्याख्या केली ती हे मूल यादीत ठळक दिसावं म्हणून. त्यातली बरीच मुलं इथेच जन्मलेली असतात आणि इंग्रजीत अस्खलित बोलतात.

गटानं मागायची गोष्ट: दर ऑगस्टला, शाळा सुरू होण्याआधी, पातळी ४ आलेल्या प्रत्येक मुलाची यादी आणि कुठला निकष अडला त्याचं कारण. नावं नकोत, संख्या पुरे. २१ किंवा अधिक इंग्लिश लर्नर असलेल्या प्रत्येक शाळेत त्यांच्या पालकांची समिती असावी लागते, ५१ किंवा अधिक असतील तर डिस्ट्रिक्टमध्येही. तीच समिती हे विचारू शकते. तुमच्या मुलांचे आईवडील तिथे जाऊ शकतात. बहुतेकांना ती समिती आहे हेच माहीत नसतं.

सभेतल्या भाषेबद्दल. पब्लिक कॉमेंटला, म्हणजे सभेत लोकांनी बोलायच्या भागात, माणशी वेळ ठरलेला असतो. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, हा राज्याचा कायदा आहे. एकाच वेळी भाषांतर होणाऱ्या हेडफोनच्या यंत्रणेला तो लागू नाही. दुभाषी आधी सांगून मागवा, निदान तीन दिवस, आणि ईमेलनं म्हणजे नोंद राहते. सभा लांब असेल तर दुभाषी दोन लागतात, वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून, नाहीतर दुसऱ्या तासाला भाषांतर गळायला लागतं. आणि मुलांना स्वतःच्या आईवडिलांचे दुभाषी करू नका. स्वतःच्या नापासाबद्दलचं बोलणं पंधरा वर्षांच्या मुलीनं आईला भाषांतर करून सांगायचं, हे दोघींवर ओझं आहे. शिवाय समान संधीच्या केंद्रीय नियमांप्रमाणे सक्षम दुभाषी देणं हे शाळेचं काम आहे.

ज्या दोघांच्या घरी मिश्तेको आहे त्यांच्यासाठी खास लक्ष द्या. 'स्पॅनिशमध्ये पत्रक पाठवलं' म्हणून शाळा मोकळी होते, पण मिश्तेको ही स्पॅनिशची बोली नाही, वेगळ्या कुळातली भाषा आहे, आणि गावागणिक तिचं रूप इतकं बदलतं की एका भागातला दुभाषी दुसऱ्याला उपयोगी पडेलच असं नाही. आईवडिलांचं गाव विचारून दुभाषी मागवा. लेखी पत्रकाऐवजी ध्वनिमुद्रित निरोप जास्त पोचतो.

आता कागदपत्रांचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर निकालानं स्थलांतर दर्जा काहीही असला तरी बारावीपर्यंतचं सरकारी शिक्षण नाकारता येत नाही, आणि कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्यानं शाळांना असा दर्जा विचारण्याला मज्जाव केला आहे. पण मुलांनी आपणहून सांगितलेल्या गोष्टीला हे संरक्षण पुरत नाही. बोर्डाची सभा ध्वनिमुद्रित होते, अनेकदा थेट प्रक्षेपित होते आणि कायम राहते. म्हणून गटाचा पक्का नियम करा: स्वतःचा किंवा कुणाचाही दर्जा सभेत, पत्रकात, समाजमाध्यमांवर किंवा सर्वेक्षणात येणार नाही. बोलणारा फक्त तपासणीतले आकडे सांगेल. पब्लिक कॉमेंटला नाव-पत्ता देण्याची सक्ती नसते, कार्ड भरायचं ते ऐच्छिक. गटाची हजेरीयादी शाळेच्या ड्राइव्हवर ठेवू नका.

सर्वेक्षणात कौटुंबिक आयुष्य, धर्म, खासगी श्रद्धा यांबद्दल प्रश्न असतील तर पालकांची लेखी परवानगी लागते. ते प्रश्न काढूनच टाका. तुम्हाला हवंय ते दहा प्रश्नांत मावतं: ए-जीबद्दल पहिल्यांदा कधी ऐकलं, काउन्सेलरशी यंदा किती वेळा बोललात, कुठला विषय मागितला आणि मिळाला नाही. निकाल मांडताना ११ पेक्षा लहान गटाचा आकडा देऊ नका, मूल ओळखू येतं. राज्याच्या डॅशबोर्डवरही (शाळांचे आकडे दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) तसे आकडे झाकतात.

आर्थिक मदतीच्या अर्जांचा विषय निघेलच. कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यानं केंद्राचा फॅफ्सा हा मदतीचा अर्ज भरायचा नाही, राज्याचा कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट अर्ज भरायचा. राज्याच्या कॅल ग्रँट या मदतीची मुदत साधारण २ मार्च. विद्यार्थी नागरिक आणि पालक कागदपत्रांविना, अशा घराला फॅफ्सा भरता येतो आणि केंद्राची पेल ग्रँट ही मदत त्यातूनच मिळते. पण माहिती केंद्राकडे जाते, त्यामुळे भरायचा की राज्याच्या मदतीपुरता ड्रीम ॲक्टचा अर्ज करायचा, हा निर्णय घरानं वकिलाशी बोलून घ्यावा. गटातल्या मुलांनी यात सल्ला देऊ नये.

---

वाटाड्या

वॉकआउट हवा म्हणणाऱ्या मुलीला गप्प करू नका. ती ज्या परंपरेतून बोलते आहे ती मोठी आहे. फक्त त्या परंपरेचा पूर्वार्ध तिला सांगा.

मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या विल्सन, गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन आणि बेलमाँट हायस्कूलमधून हजारो मुलं बाहेर पडली. लिंकनमधले शिक्षक साल कॅस्ट्रो त्यांच्यासोबत होते. पण त्याआधी महिनोन् महिने मुलांनी सर्वेक्षण केलं होतं, मागण्या लिहिल्या होत्या: द्विभाषिक शिक्षण, मेक्सिकन-अमेरिकन इतिहास, तशा घरांतून आलेले शिक्षक, स्पॅनिश बोलल्याबद्दलची शिक्षा बंद. हजेरीवर पैसा मिळतो हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं, म्हणूनच बाहेर पडणं लागलं. किंमतही मोठी होती: १३ जणांवर कटाचे आरोप ठेवले गेले, ते न्यायालयानं १९७० मध्ये रद्द केले. दुसरं उदाहरण टेक्सासच्या क्रिस्टल सिटीचं, डिसेंबर १९६९. बहुसंख्य विद्यार्थी मेक्सिकन-अमेरिकन, तरी चिअरलीडरच्या चार जागांपैकी एकच त्यांची. कारण लहान दिसतं, पण ते रोज डोळ्यांपुढे होतं. तिथं पालक मतदार म्हणून उभे राहिले आणि एप्रिल १९७० च्या निवडणुकीत शाळेच्या बोर्डावर माणसं निवडून आणली. मुलांच्या मागण्या टिकल्या त्या यामुळे.

आज कॅलिफोर्नियात मिडल आणि हायस्कूलच्या विद्यार्थ्याला वर्षातून एक दिवस नागरी किंवा राजकीय कार्यक्रमासाठी आधी कळवून रजा घेता येते, ती अनधिकृत गैरहजेरी धरत नाहीत. बोर्डाची सभा दिवसा असेल तर तिला ही रजा वापरा.

गट कसा बांधावा, याचा धडा न्यू यॉर्कच्या अस्पिराकडून घ्या. आंतोनिया पांतोहा यांनी १९६१ मध्ये पोर्तो रिकन तरुणांसाठी ती काढली आणि हायस्कूलांत क्लब चालवले. त्यांची रीत तीन टप्प्यांची: परिस्थितीची जाणीव, तिचं विश्लेषण, मग कृती. तुमच्या गटात पहिला आणि तिसरा टप्पा आहे, मधला नाही. खडूफळा आणि आकडेमोड यांनी दिलं ते मधल्याचंच साहित्य आहे. याच अस्पिरानं शाळा-बोर्डावर खटला भरला आणि १९७४ च्या करारानं न्यू यॉर्कमध्ये द्विभाषिक वर्गांचा हक्क मिळवला.

१४ जणांत कामं अशी वाटा: तिघे कागद वाचणारे, तिघे आकडे मांडणारे, दोघे सभांचं कॅलेंडर आणि विषयपत्रिका बघणारे, बाकीचे घरांशी बोलणारे. प्रत्येक कामात एक वरच्या वर्गातला आणि एक नववी-दहावीचा अशी जोडी ठेवा. जूनमध्ये बारावीवाले जातात आणि त्यांच्याबरोबर पासवर्ड, ओळखी, सगळं जातं. गट मोडण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण निवड. शिक्षक नेहमी छान इंग्रजी बोलणाऱ्या, चांगल्या गुणांच्या दोन मुली पुढे करतात. मग ज्यांचे रकाने भरले नाहीत त्यांचं म्हणणं कुणाच्या तोंडी येतच नाही. नुकतेच आलेले, शेतात किंवा दुकानात काम करणारे, धाकट्या भावंडांना सांभाळणारे यांच्यासाठी बैठक जेवणाच्या सुट्टीत घ्या. संध्याकाळी घ्यायची तर गाडी आणि खाणं दोन्ही लागेल.

सभेत बोलण्याचा मजकूर मुलांनीच लिहावा. विषयपत्रिका नियमित सभेच्या ७२ तास आधी लागते, त्यामुळे मजकुराला तीन दिवस असतात. एका मिनिटात साधारण १३० शब्द बसतात. पहिल्या वाक्यात विषयक्रमांक आणि मागणी, दुसऱ्यात आपला आकडा, तिसऱ्यात एल-कॅपमधला कृती-क्रमांक, शेवटी तारीख: 'उत्तर कुणाकडून आणि कधीपर्यंत?' विषय पत्रिकेवर नसेल तर बोर्डाला त्यावर चर्चा करता येत नाही. ते नुसतं कौतुक करून पुढे सरकतील आणि मुलं खूश होऊन घरी येतील. म्हणून आधी विषय पत्रिकेवर घ्यायची लेखी विनंती करा.

---

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रान्सक्रिप्टचा कागद आजच आखायला घेते. दोन गोष्टी राहिल्या. आमच्या बोर्डावर विद्यार्थी सदस्य नाही. तो मिळवता येतो का? आणि सुरुवातीला मुलांचा धीर वाढेल असं काही लवकर होण्यासारखं आहे का?

---

आकडेमोड

दुसऱ्याचं आधी. विल्यम्स खटल्यातल्या २००४ च्या तडजोडीमुळे प्रत्येक वर्गात एक सूचना लावलेली असावी लागते: पुस्तकं अपुरी, इमारत धोकादायक, शिक्षक नेमलेला नाही, यांपैकी काही असेल तर तक्रार कशी करायची. आधी मुलांनी वर्गावर्गांत फिरून ती सूचना आहे का एवढंच बघावं. खरी तक्रार असेल, समजा जीवशास्त्राचं पुस्तक घरी न्यायला मिळत नाही, तर अर्ज निनावीही देता येतो आणि ३० कामकाजी दिवसांत दुरुस्ती करावी लागते. कागद दिला की काहीतरी हलतं, हे मुलांना दिसतं.

---

खडूफळा

त्यात स्पॅनिशच्या चाचणीची मागणीही जोडा. फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे असतात, त्याआधी चाचणी झाली तरच उपयोग.

---

वाटाड्या

विद्यार्थी सदस्य मिळवता येतो, आणि बोर्डाच्या मर्जीवरही नाही. हायस्कूल असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये विद्यार्थ्यांनी अर्ज द्यायचा, त्यावर ५०० विद्यार्थ्यांच्या किंवा हायस्कूलच्या १० टक्के विद्यार्थ्यांच्या सह्या, यांतली जी संख्या कमी असेल तितक्या. पट १,८०० असेल तर १८०. अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत बोर्डानं सदस्य घेण्याचा आदेश काढायचा. मुदत एक वर्ष, १ जुलैपासून, आणि निवड विद्यार्थ्यांनी करायची.

मर्यादा आधीच सांगून ठेवा. त्याचं मत 'प्राधान्य मत' म्हणून इतरांच्या आधी नोंदवलं जातं, पण निकालात मोजलं जात नाही, आणि बंद दाराआडच्या बैठकांत त्याला बसता येत नाही. तरी सभेची कागदपत्रं त्याच्याकडे बाकी सदस्यांबरोबरच येतात, तो प्रश्न विचारू शकतो, आणि त्याचं मत इतिवृत्तात राहतं.

सह्या घेताना नाव, इयत्ता आणि शाळा एवढंच ठेवा, पत्ता आणि फोन नको. गरजेपेक्षा चौथा हिस्सा जास्त घ्या, कारण पट तपासताना दुबार, अवाचनीय आणि शाळा सोडून गेलेली नावं वगळली जातात. १८० लागत असतील तर २२५. अर्ज मार्चच्या आत द्या. ६० दिवस मेपर्यंत जातात, आणि निवडणूक शाळा सुटायच्या आत घ्यायची तर तेवढेच आठवडे हातात उरतात. दिलेल्या अर्जाची प्रत बोर्डाच्या कार्यालयाकडून तारखेच्या शिक्क्यासह परत घ्या, कारण ६० दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.